फर्नांदचं नाक

सेंट ऑदिलों, बोस, क्वेबेक
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय लॉरेत,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याचं कारण तेच ते. नाक. दोन वर्षं झाली आता. आधी एक नाकपुडी बंद व्हायची तेव्हा दुसरी तरी चालू असायची; हल्ली दोघींनी मिळून संप पुकारलाय. शिंका नाहीत, डोळ्यांना खाज नाही, ताप नाही. नुसतं चोंदलेलं, बारा महिने, चोवीस तास. सकाळी उठते तेव्हा जीभ कोरडी ठक्क. शिट्टी मारली की तासभर बरं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. परवा वाटाण्याचं सूप तळाला लागलं, ते मला धूर दिसल्यावर कळलं. मी चुलीच्या शेजारीच उभी होते.

दुसऱ्या कुणाला सर्दी झाली तर सर्दी झाली म्हणतात. मला झाली तर चाळीस घरांचा खोळंबा होतो. एकोणीस वर्षं सहकारी संस्थेत मॅपलच्या पाकाची पारख करतेय मी. मार्चमध्ये मॅपलच्या झाडांना रस सुटला की सगळ्यांची पिंपं माझ्या टेबलापुढे येतात. मी हुंगते, चाखते, आणि मग शिक्का. रंग काय, नमुन्याच्या रंगीत काचेशी ताडून कुणीही सांगेल. पण करपलेला, आंबलेला, आणि मुख्य म्हणजे कळीचा पाक, झाडावर कळ्या फुगल्या की रसाला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो तो, हे फक्त नाकच सांगतं. आपले व्यवस्थापक फिलियास परवा चर्चच्या पायरीवर गाठून म्हणाले, "फर्नांद, मार्चपर्यंत सुधारेल ना?" हसत म्हणाले, पण विचारलंच.

गावात नवा डॉक्टर आलाय, बुजोल नावाचा, गास्पेच्या समुद्रकाठचा. लांबलचक, मान पुढे काढून चालतो. बगळा. माझ्या नाकात दिवा घालून पंधरा मिनिटं बघत बसला आणि शेवटी म्हणतो, "मला अजून कळलेलं नाही." एवढं सांगायला इतकी वर्षं शिकला? हे तर आपला खाटीकही सांगेल.

इथल्या औषधाच्या दुकानात शिट्ट्या नेमक्या संपलेल्या असतात. तिकडे मिळतात ना? चार पाठव.

तुझी,
फर्नांद

•

लोवेल, मॅसॅच्युसेट्स
२ नोव्हेंबर १९८६

फर्नांद बाई,

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, पण तुझं तर जन्मापासूनच उघडं आहे, तेव्हा ह्या दुखण्याने नवीन काय केलं ते मला समजत नाही.

आता थट्टा पुरे. माझ्या दुकानात केस सेट करायला येणाऱ्या बायकांना मी तुझं सगळं सांगितलं (रागावू नकोस, त्यांना तुझं आडनाव माहीत नाही). सगळ्यांचं एकमत: मांजर. इकडे ज्याला त्याला ॲलर्जी आहे. एकीच्या नवऱ्याला तर सासू आली की शिंका येतात. तू तुझ्या त्या लठ्ठ बोक्याला महिनाभर गोठ्यात झोपव आणि बघ. आणि छातीला हंसाची चरबी चोळ, माझी आई चोळायची तशी. गुण आला नाही तर निदान मांजर तरी तुझ्याजवळ फिरकणार नाही.

शिट्ट्या पाठवल्यात. चारऐवजी सहा. खोकी काढून टाकली, म्हणजे पुडकं लहान होतं. माझीही एक पर्समध्ये असते, सर्दीच्या दिवसांत लागते.

बगळ्याकडे पुन्हा जाऊ नकोस. ज्याला कळत नाही त्याच्याकडे जाऊन काय मिळणार? क्वेबेक शहरात मोठे डॉक्टर आहेत.

लॉरेत

•

सेंट ऑदिलों
२३ नोव्हेंबर १९८६

प्रिय लॉरेत,

पुडकं पोचलं. देव तुझं भलं करो.

क्वेबेकला जाऊन आले, आणि पाठवलं कुणी, तर बगळ्यानेच. तिथे एका बाईंनी माझ्या दोन्ही हातांवर बत्तीस ठिकाणी टोचलं. मांजर, कुत्रा, धूळ, बुरशी, गवत, बर्चचे पराग, सगळं जग थेंबथेंब करून. वीस मिनिटं बसवून ठेवलं. एकच गांधी उठली, आणि ती म्हणे उठायलाच हवी असते, कातडी जागी आहे की नाही बघायला मुद्दाम टोचतात. बाकी एकतीस जागा स्वच्छ. बोका निर्दोष सुटला. दोन आठवडे बिचारा गोठ्यात होता, आता माझ्याकडे बघतही नाही. हे तुझ्यामुळे.

मी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याकडे एक शाळकरी वही आहे. त्यात त्यांनी माझ्या नाकाला काय काय झालेलं असू शकेल ते सगळं एकाखाली एक लिहिलंय. ॲलर्जी, खोडली. नाकातलं हाड वाकडं, खोडलं, ते सरळ आहे. नाकात गाठ, खोडली. कपाळामागच्या पोकळ्यांत पू, फोटोत दिसला नाही, खोडला. नाकातला शेंबूड काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, एका जातीच्या पेशी सापडतात का म्हणून. नाहीत. खोडलं. गळ्यातल्या ग्रंथीसाठी रक्त काढलं. तेही ठीक. मग विचारलं, "कसली औषधं घेता? गोळ्या, थेंब, रक्तदाबाचं काही?" काही नाही, म्हटलं. तेही खोडलं.

मी वैतागून म्हटलं, डॉक्टर, तुम्ही मला काय नाही तेवढंच सांगताय. तर म्हणाले, "तुम्ही पिंपाची पारख कशी करता?" आणि लॉरेत, मी तसंच करते. पाक तोंडात घेतला की मी कधीच म्हणत नाही चांगला. मी मनात म्हणते, करपलेला नाही, आंबलेला नाही, लोखंडी नाही, कळीचा नाही. सगळे 'नाही' संपले की मग शिक्का. एकोणीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. फिलियासनेसुद्धा नाही.

तरी शेवटी म्हणाले तेच, "मला अजून कळलेलं नाही." पण ह्या वेळी ते मला तितकंसं झोंबलं नाही.

फर्नांद

•

लोवेल
१४ डिसेंबर १९८६

फर्नांद,

वा. ऑक्टोबरमध्ये बगळा, नोव्हेंबरमध्ये 'डॉक्टर'. नाताळपर्यंत त्याच्यासाठी पायमोजे विणायला घेशील. लग्न झालंय का त्याचं?

बोक्याची मी माफी मागते. त्याच्यासाठी सार्डिनचा डबा पाठवतेय.

पण खरं सांगू? तुझं पत्र वाचून मला काळजी वाटली. तू सगळं सांगतेस आणि मधलं काहीतरी गाळतेस, लहानपणी बरणीतला मुरांबा संपवून झाकण नीट लावून ठेवायचीस तशी. गेल्या वर्षीचा हंगाम कसा केलास? नाक तेव्हाही बंदच होतं ना?

नाताळच्या शुभेच्छा. माझ्या वाटचीही नाताळची मांस भरलेली पाई खा, वास नाही आला तरी.

लॉरेत

•

सेंट ऑदिलों
८ जानेवारी १९८७

लॉरेत,

तू विचारलंस म्हणून सांगते. सांगितल्यावर मला काही म्हणू नकोस, मी स्वतःला पुष्कळ म्हणून झालंय.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मला काही म्हणजे काहीच वास येत नव्हता. जिभेवर गोड लागायचं, एवढंच. मी रंग बघायचे आणि आणणाऱ्याचं तोंड बघायचे. जो छाती काढून उभा राहायचा त्याला शिक्का मिळायचा. सगळे पास केले असते तर संशय आला असता, म्हणून काही नापासही करायला हवे होते. ओव्हिला ग्रोंदें तुला आठवतो? आपल्या वर्गात मागे बसायचा, वाचायला उभं केलं की पाय घासायचा. तो अजूनही घासतो. हंगामाच्या शेवटी तो दोन पिंपं घेऊन आला, टेबलापुढे उभा राहिला आणि पाय घासायला लागला. मला वाटलं, ह्यालाच ठाऊक आहे की पाकात खोट आहे. मी लिहिलं: कळीचा. दोन्ही पिंपं परत. तो हुं की चूं न करता गाडीत घालून घेऊन गेला. जाताना बाहेर कुणाला तरी म्हणाला ते मला ऐकू आलं, "फर्नांदचं नाक म्हणजे नाक."

आता समितीने ठरवलंय, १५ मार्चला माझी परीक्षा. दहा पेले ठेवतील. चुकले तर शेजारच्या गावची ह्युगेत शिक्का घेईल. मी शिक्क्याला जपत नाहीये असं नाही, जपते. पण त्याहून मला हे लागलंय की नाक परत आल्याशिवाय मी ओव्हिलासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू. नुसतं 'चुकले असेन' म्हणणं आणि 'चुकले' असं कबूल करणं ह्यात फरक आहे.

डॉक्टरांनी मला पंधरा दिवसांची दिनचर्या लिहून आणायला सांगितली होती. अर्ध्या पानाची नेली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, "हा अहवाल झाला. अहवालात माणूस नीट बसून फोटो काढतो. तुम्ही सगळं सगळं कुणाला सांगता?" मी म्हटलं, मावसबहिणीला, पत्रातून. म्हणाले, "मग ती पत्रं ती परत पाठवेल का?"

माझी इच्छा नव्हती. पण पाठव. दोन वर्षांतली, नाक बंद झाल्यापासूनची. आजचं हेसुद्धा पाठव. त्यांना कळलं तर कळू दे. फक्त जिथे जिथे त्यांना बगळा म्हटलंय तिथे शाई सांड.

फर्नांद

•

लोवेल
१९ जानेवारी १९८७

फर्नांद,

मी तुला काही म्हणणार नाही. तू मला सांगितलंस ह्यातच सगळं आलं.

पत्रं पाठवलीत, एकोणीस. शाई सांडली नाही. ज्याने मागितली त्याने वाचावीत, आणि मानेकडे जरा लक्षही द्यावं. पाठवण्याआधी मी सगळी एका दमात वाचून काढली, दुकान बंद ठेवून. दुसऱ्या कुणी स्वतःच्या नाकाचं इतकं लिहिलं असतं तर मी केव्हाच कंटाळले असते.

परत मात्र पाठव. ती माझी आहेत.

लॉरेत

•

सेंट ऑदिलों
५ फेब्रुवारी १९८७

प्रिय लॉरेत,

बैस आणि वाच.

डॉक्टरांनी पत्रं आठवडाभर ठेवून घेतली. मंगळवारी मला बोलावलं. पुढे वही, शेजारी तुझा गठ्ठा, मधे मधे कागदाचे कपटे खुणेला घातलेले. बगळा कोण हे त्यांनी विचारलं नाही. फक्त मी आत गेल्यावर मान जरा सरळ केली. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

मग म्हणाले, "मादाम, तुम्ही वाद्य वाजवता का?" नाही, म्हटलं. "मग ही शिट्टी काय आहे? एकोणीस पत्रांत तेवीस वेळा आलीय. मुलाच्या लग्नात चर्चमध्ये तीनदा शिट्टी मारली असं लिहिलंय. मला वाटलं, बोसमध्ये तशी रीत असेल."

मी ॲप्रनच्या खिशातून काढली आणि टेबलावर ठेवली. नाकात फवारा मारायची ती प्लास्टिकची बाटली. तुझ्या बाबांनी पहिल्यांदा आणली तेव्हा तिचा फुस्स आवाज ऐकून आपण सगळ्यांनी तिला शिट्टी म्हणायला सुरुवात केली, ते नाव घरात चिकटलं. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. "दिवसातून किती वेळा?" लागेल तेव्हा. "काल किती?" मी बोटं मोजली. चौदा. आणि ही नेहमी खिशात? एक खिशात, एक उशाशी, एक गाडीत, एक संस्थेत टेबलाच्या खणात.

"मी तुम्हाला औषधांचं तीनदा विचारलं होतं," म्हणाले. मी म्हटलं, "ही कुठे औषध आहे? ही शिट्टी आहे." आणि लॉरेत, मी खोटं बोलत नव्हते. औषध म्हणजे जे आजारी माणूस घेतो. गोळी नाही, थेंब नाही. रुमालाला कुणी औषध म्हणतं का?

मला वाटलं, आता झाडणार. पण त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "प्रश्न माझा चुकला," म्हणाले. "तुमच्या घरात तिला काय म्हणतात ते मी विचारायला हवं होतं." मग वही ओढून खोडलेली 'औषधं' ही ओळ पुन्हा लिहिली, खाली रेघ मारून.

आता सांगते काय झालंय ते, त्यांनी सांगितलं तसं. माझं नाक मुळातच चिडकं आहे. ॲलर्जी नाही, पण थंडीतून वाफेत गेलं, धूर लागला, उग्र अत्तर आलं, की आतलं अस्तर सुजतं. पाकाच्या भट्टीशेजारी जन्म गेला तिचं दुसरं काय होणार. ते चिडकेपण काही मोठं नव्हतं. पण मी त्यावर शिट्टी मारली. ती सूज तासाभरासाठी दाबते, आणि उतरली की सूज दुपटीने वर येते. मग पुन्हा शिट्टी. तीन दिवसांच्या वर वापरायची नसते ती. मी दोन वर्षं वापरली. नाक बंद होतं म्हणून शिट्टी नव्हती, लॉरेत. शिट्टी होती म्हणून नाक बंद होतं.

आणि आता तुलाही खरं सांगते. इथल्या दुकानात शिट्ट्या कधीच संपल्या नव्हत्या. दुकानातली बाई मी मागितली की भुवया उंचावायची. म्हणून तुझ्याकडे मागितल्या.

एका वेळी एकच नाकपुडी सोडवायची, असं ठरलंय. आधी डावीला शिट्टी बंद, उजवीला चालू. डावी सुटली की मग उजवी. मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचं आणि दुसरा एक सौम्य फवारा, जो सवय लावत नाही. "हे तीन आठवडे तुम्ही मला शिव्या द्याल," म्हणाले. मी म्हटलं, त्याची सुरुवात मी ऑक्टोबरातच केलीय, तुम्ही वाचलंयच.

हसले. दात चांगले आहेत हं त्यांचे.

फर्नांद

•

लोवेल
१५ फेब्रुवारी १९८७

फर्नांद,

पत्र वाचून मी पर्समधली माझी बाटली काढली आणि कपाटात तिचं खोकं शोधलं. खोक्यावर इंग्रजीत ठसठशीत छापलंय, तीन दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. तुला इंग्रजी वाचता येत नाही, मला येतं. आणि मी तुझी सहाच्या सहा खोकी फाडून केराच्या टोपलीत टाकली, पुडकं लहान व्हावं म्हणून.

रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. मला माफ कर. आणि डॉक्टर बुजोल ह्यांना सांग, मान सरळ करायची काही गरज नाही. आहे तशी छान आहे.

लॉरेत

•

सेंट ऑदिलों
२४ फेब्रुवारी १९८७

आदरणीय मादाम लॉरेत,

तुमची एकोणीस पत्रं ह्यासोबत परत पाठवत आहे. विश्वासाने दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. तुमच्या बहिणीच्या परवानगीनेच हे लिहितोय, आणि त्यांना दाखवूनच पाठवतोय.

खोक्यांचं त्यांनी मला सांगितलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. खोकं पाठवलं असतं तरी त्यांनी चूल पेटवायला वापरलं असतं, असं त्यांचंच म्हणणं आहे. मी त्यांना तीनदा समोर बसवून विचारलं आणि मला उत्तर मिळालं नाही. तुमच्याकडे ते तेवीस वेळा लिहिलेलं होतं. तुम्ही पत्रं जपून ठेवता, ह्यामुळेच निदान झालं.

डावी बाजू काल उघडली. त्या स्वतः कळवतीलच. ह्या तीन आठवड्यांत त्यांनी जे सोसलं ते मी पुष्कळ तगड्या माणसांना सोसताना पाहिलेलं नाही. रात्र रात्र खुर्चीत बसून काढली, पण डावीसाठी खिशात हात घातला नाही.

आपला,
एत्येन बुजोल
(पक्ष्यांमध्ये बगळा मला आवडतो. तो घाई करत नाही.)

•

सेंट ऑदिलों
२९ मार्च १९८७

प्रिय लॉरेत,

पंधरा तारखेला दहाच्या दहा पेले बरोबर आले. तुला तार करणार होते, पण थांबले. खरी परीक्षा अजून व्हायची होती.

उजवी नाकपुडी डावीपेक्षा दुप्पट छळवादी निघाली. नाकी नऊ आणले म्हणतात ना, ते शब्दशः. मग मार्चच्या सात तारखेला सकाळी मी जिन्यातून खाली उतरत होते आणि मला आमच्या घराचा वास आला. ओलं लाकूड, बोका, यजमानांचे बूट. दोन वर्षं मी त्या घरात राहत होते आणि ते घर तिथे नव्हतं. पायरीवर बसून रडले. बोका येऊन मांडीवर बसला. सार्डिन पावली असावी.

डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी वहीचं ते पान उघडून मला दिलं आणि म्हणाले, "शेवटची ओळ तुम्ही लिहा." काय लिहू? मी लिहिलं, 'कळलं.' त्यांनी खाली भर घातली: 'चिडकेपण राहील. वाफेत उभं राहू नये.' तेवढा माणूस सरळ आहे. बरी झालात म्हणून पाठ थोपटून घेतली नाही, आणि जे जाणार नाही ते गेलं असंही म्हणाला नाही. आता माझं टेबल भट्टीपासून दूर, खिडकीशी मांडलंय.

गुरुवारी पहिल्या रसाची पिंपं आली. आठ-दहा जण रांगेत होते, फिलियास वही घेऊन शेजारी. ओव्हिला मधे होता. त्याचा नंबर आला, तो टेबलापुढे उभा राहिला आणि पाय घासायला लागला. मी पिंपातून नमुना काढायची नळीही उचलली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ओव्हिला, गेल्या वर्षी मला नाक नव्हतं. तुझी दोन पिंपं मी वास घेऊन नापास केली नाहीत. तुझे पाय बघून केली."

फिलियास छताकडे बघत होते. मला वाटलं, आता शिक्का मागतील. मीच तो उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

ओव्हिला टोपी हातात फिरवत होता. म्हणाला, "म्हणजे तो पाक चांगला होता?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मला तेव्हा काहीच कळत नव्हतं."

"आम्ही घरी तोच खाल्ला, वर्षभर," तो म्हणाला. "मला चांगला लागत होता. पण तू कळीचा म्हणालीस, तेव्हा म्हटलं आपलंच नाक गेलं. म्हणजे वयच झालं. ह्या वर्षी प्रत्येक कढईला मी बायकोला हाक मारायचो, बघ गं, बरा आहे का. मला धीर होत नव्हता."

लॉरेत, मला दोन पिंपांचं वाईट वाटत होतं वर्षभर. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. चाळीस वर्षं पाक काढणारा माणूस, आणि मी त्याचं नाकच काढून घेतलं होतं. माझ्याकडे नव्हतं म्हणून.

फिलियासनी शिक्का माझ्याकडे परत सरकवला. मी पेला भरला. पण तोंडाशी न्यायच्याऐवजी ओव्हिलापुढे धरला. म्हटलं, "आधी तू सांग."

रांगेतले सगळे पुढे झुकले. त्याने पेला घेतला, पुष्कळ वेळ हुंगत राहिला, मग थोडा चाखला. पाय हलायचे थांबले होते. "चांगला आहे," म्हणाला, अगदी हळू. मी हुंगला. चांगला होता. शिक्का मारला.

दुसऱ्या पिंपाचा पेला त्याने स्वतःच भरला. हुंगला, खाली ठेवला, पुन्हा हुंगला. "ह्याला जरा धूर लागलाय, फर्नांद," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज मोठा होता. "दुसऱ्या प्रतीचा आहे. लिही तसं."

मी हुंगला. धूर होता, इतका बारीक की एका झटक्यात मला सापडला नसता. तो म्हणाला तसंच लिहिलं.

तुझी,
फर्नांद